सोया डीओसी: प्रोटीन एक नंबर, पण नीट शिजलीय का ते बघून घ्या

कोंबड्या आणि दुभत्या जनावरांच्या खुराकात सोया डीओसी म्हणजे तेल काढून उरलेली सोयाबीन पेंड बरेच दिवस वापरतोय. पाचपैकी साडेचार स्टार.

प्रोटीनला तोड नाही. साल काढलेल्या मालात 47-48 टक्के, सालासकट असेल तर 44 च्या आसपास. पण खरी मजा लायसिनची (प्रोटीनमधलं एक गरजेचं अमिनो आम्ल) आहे, मक्यात नेमकं तेच कमी असतं आणि यात भरपूर, म्हणून मका भरडा आणि सोया ही जोडी कोंबडीला एकदम जमते. मिथिओनिन हे दुसरं अमिनो आम्ल तेवढं कमी पडतं, ते वरून घालावंच लागतं, नाहीतर वाढ मागे राहते. सरकी पेंडीत गॉसिपॉल या विषारी द्रव्याचं टेन्शन, शेंगदाणा पेंडीत अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाची भीती जास्त, त्या मानाने ही सेफ वाटते, फक्त ओलावा 12 टक्क्यांच्या आत पाहिजे.

अर्धा स्टार कापला तो शिजवण्यावरून. कच्च्या सोयाबीनमधलं ट्रिप्सिन इनहिबिटर (पचनाला अडवणारा घटक) खुराकातलं प्रोटीन नीट पचू देत नाही, कोंबडीचं स्वादुपिंड मोठं होतं आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. उष्णता दिली की हा प्रॉब्लेम जातो, पण जास्त तापवलं तर लायसिनच वाया जातं, माल गडद तपकिरी होतो आणि जळका वास येतो. आणि गोणीवरचा प्रोटीनचा आकडा कच्च्या, बरोबर शिजलेल्या आणि करपलेल्या मालाला जवळपास सारखाच येतो हो! हा आकडा नायट्रोजन मोजून काढतात, त्यामुळे कोणी युरिया मिसळला तर उलट वाढूनच येतो. त्यामुळे नुसत्या प्रोटीनच्या रिपोर्टवर भाव ठरवू नका, युरिएज टेस्ट मागा (युरिएज हे कच्च्या सोयाबीनमधलं एन्झाइम, उष्णतेने ते निकामी होतं), त्यात पीएच किती वाढतो तो फरक साधारण 0.05 ते 0.20 मध्ये असला तर माल व्यवस्थित शिजलाय. फरक शून्यावर आला म्हणून खूश होऊ नका, तो जास्त तापवलेला पण असू शकतो, तेव्हा सोबत केओएच सॉल्युबिलिटी (केओएच या अल्कलीच्या द्रावणात किती टक्के प्रोटीन विरघळतं ते) बघा, ती 70 टक्क्यांच्या खाली असेल तर गोणी परत करा.

गाई-म्हशींना कच्चं थोडंफार चालून जातं, पण खुराकात युरिया असेल तर कच्चं सोयाबीन अजिबात नाही, त्यातल्या युरिएजमुळे पोटात झपाट्याने अमोनिया सुटतो आणि जनावर दगावू शकतं. अख्ख्या दाण्यात 18-20 टक्के तेल असतं, जास्त दिलं तर चारा पचायला त्रास होतो. लहान वासरांना तर भाजलेलंच द्या.