थंडरबर्ड : ग्रुपच्या मेलला उत्तर द्यायचं तर हेच

नागपुरातला आमचा पक्षीनिरीक्षकांचा ग्रुप अजूनही मेलिंग लिस्टवर (एका पत्त्यावर मेल टाकला की सगळ्या सभासदांना जातो) चालतो, आणि मी ते सगळे मेल थंडरबर्ड या मेलच्या सॉफ्टवेअरमध्येच वाचते. फुकट आहे, विंडोज-लिनक्स दोन्हींवर चालतं. पण नव्या सभासदांना मी ते सुचवते ते 'रिप्लाय लिस्ट' या एका बटणासाठी.

मागच्या हिवाळ्यात गोरेवाड्याकडे घुबडाची ढोली सापडली. नेमकं झाड कोणतं, हे एकाने लिस्टवर विचारलं. दुसऱ्याने ते फक्त त्यालाच कळवायचं म्हणून साधं 'रिप्लाय' दाबलं. पण आमच्या लिस्टच्या सेटिंगमध्ये रिप्लाय-टूला, म्हणजे उत्तर कुठे जावं ते सांगणाऱ्या ओळीत, लिस्टचाच पत्ता घातलेला होता. मेल सगळ्यांना गेला आणि रविवारी त्या झाडाखाली कॅमेऱ्यांची ही गर्दी! ढोलीत पिल्लं होती हो. मला आजही त्याचा राग येतो.

थंडरबर्डमध्ये हे झालं नसतं. लिस्टवरून येणाऱ्या मेलच्या हेडरमध्ये, म्हणजे मजकुराच्या वरच्या तांत्रिक ओळींत, सहसा 'लिस्ट-पोस्ट' अशी एक ओळ असते. १९९८ च्या आरएफसी २३६९ या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजापासून तशी पद्धत ठरलेली आहे. कंट्रोल-यू दाबा, मेलचा सगळा कच्चा मजकूर उघडतो, त्यात लिस्टच्या पत्त्यासकट ती ओळ दिसेल. थंडरबर्ड तीच वाचतं आणि बटण दाखवतं. कंट्रोल-शिफ्ट-एल दाबलं की उत्तर फक्त लिस्टला. 'रिप्लाय ऑल'ने मूळ लिहिणाऱ्याला तोच मेल दोनदा जायचा, तेही टळतं. आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाचं म्हणजे, रिप्लाय-टूमध्ये लिस्टचा पत्ता घातलेला असला तरी कंट्रोल-आरने, म्हणजे साध्या 'रिप्लाय'ने, उत्तर मूळ लिहिणाऱ्याकडेच जातं. खाजगी ते खाजगीच राहतं.

कुणी हाताने चाळीस पत्ते टाकून मेल पाठवला, तर मात्र हे बटण येत नाही. त्यात लिस्टची ओळच नसते, म्हणजे तिथे 'रिप्लाय ऑल'च वापरावं लागतं. शिवाय पाठवण्याआधी 'टू'ची ओळ एकदा वाचायचीच, सॉफ्टवेअर कोणतंही असो.

आपल्याकडे लिस्ट चालवणाऱ्या सगळ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, रिप्लाय-टूला हात लावू नका. सभासदांना हे बटण दाखवून द्या, पाच मिनिटांचं काम आहे.