झाडं ओळखायचं अ‍ॅप: सर्पगंधेपुरता रिव्ह्यू

फॅमिलीपर्यंत, म्हणजे झाडाच्या कुळापर्यंत, अ‍ॅप मस्त चालतं, कण्हेर सदाफुली सर्पगंधा सगळे एपोसायनेसीतलेच हे फोटोवरून लगेच सांगतं, पण सर्पगंधा ज्या गटात येते त्या रावोल्फियातली नेमकी जात ओळखायची वेळ आली की गडबड. सर्पेंटिना (म्हणजे खरी सर्पगंधा) आणि टेट्राफायला (त्याच गटातली दुसरी जात) यात नुसत्या पानांच्या फोटोवर सरळ गोंधळ होतो. फुलाचा क्लोजअप टाका, सर्पेंटिनाच्या फुलांचे देठ लालसर असतात, टेट्राफायलाची फुलं बारीक, मळकट पांढरी. मग उत्तर बरंच बरोबर येतं.

आता एवढी चिकित्सा कशाला म्हणाल, तर औषध असतं सर्पगंधेच्या मुळांमध्ये, रक्तदाबावरचं रिसर्पिन १९५२ मध्ये यातूनच वेगळं काढलं, आणि मूळ काढलं की झाड गेलं ना राव! म्हणून तर सर्पेंटिना साइट्सच्या (CITES, वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणारा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात आहे. टेट्राफायला मूळची अमेरिकेतली, तिची मुळं सर्पगंधेत भेसळ म्हणून घुसतात, त्यामुळे नाव चुकलं तर जपायचं कुणाला तेच कळत नाही.

एक गोष्ट आवडली, दुर्मिळ झाडाचं नेमकं लोकेशन लपवता येतं, पण ते सेटिंग आधीपासून चालूच हवं होतं, आत कुठेतरी दडवून ठेवलंय. पाचपैकी साडेतीन.