‘न्यू जर्सी लीगल’ म्हणून विकलेलं मॅगझीन

न्यू जर्सीत राहणाऱ्या, नेमबाजीची आवड असलेल्या आपल्या लोकांसाठी हे लिहितोय. 2024च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं 50 मीटर रायफलमध्ये ब्राँझ मिळवलं आणि तेव्हापासून आमच्या रेंजवर मराठी बोलणं जास्त ऐकू येऊ लागलं. मी कोल्हापूरकडचाच, मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण स्वप्निलची रायफल एका वेळी एकच गोळी घेते, तिथं मॅगझीनचा, म्हणजे गोळ्या भरून बंदुकीत बसवायच्या डब्याचा, प्रश्नच येत नाही. इथं रेंजवर नवीन आलेले बहुतेक जण एआर-15 धाटणीची सेमी-ऑटोमॅटिक (घोडा दाबला की एक गोळी सुटते आणि पुढची आपोआप चढते अशी) रायफल घेतात. तिला मॅगझीन लागतं, आणि मॅगझीन म्हटलं की या राज्यात कायदा आडवा येतो.

कायदा असा आहे. न्यू जर्सीत पूर्वी 15 गोळ्यांपर्यंतचं मॅगझीन चालायचं. जून 2018 मध्ये गव्हर्नर फिल मर्फी यांनी नव्या कायद्यावर सही केली आणि मर्यादा 10 वर आली. ज्यांच्याकडे मोठी मॅगझिन्स होती त्यांना डिसेंबर 2018 पर्यंत मुदत मिळाली: ती निकामी करा, कायमची 10 वर आणा, ज्याला बाळगायचा हक्क आहे अशाला द्या किंवा पोलिसांकडे जमा करा. त्यानंतर घरात नुसतं ठेवणं हासुद्धा चौथ्या दर्जाचा गुन्हा. शिक्षा 18 महिन्यांपर्यंत कैद आणि 10,000 डॉलरपर्यंत दंड.

त्यातून ‘10/30’ नावाचा प्रकार चालतो. बाहेरून 30 गोळ्यांचं लांब मॅगझीन, आत ठोकळा बसवून जागा 10 पुरती ठेवलेली. हातात धरायला, रायफलीत बसवायला ते मूळ आकाराचंच वाटतं म्हणून लोकांना हवं असतं. काम नीट केलेलं असेल तर ते कायदेशीर आहे. सगळी गोम त्या ‘नीट’मध्ये आहे.

पेनसिल्व्हेनियात मॅगझीनवर मर्यादा नाही. तिथल्या गन शोमध्ये, म्हणजे बंदुकांच्या विक्री-प्रदर्शनात, न्यू जर्सीची गिऱ्हाइकं गाठणारे विक्रेते असतात. रेंजवरच्या एका ओळखीच्या माणसानं मला अशाच एका टेबलाकडे पाठवलं. टेबलावर बोर्ड होता: न्यू जर्सी लीगल, कायमस्वरूपी 10. माणूस साठीचा, बोलायला अतिशय गोड. रिव्हेट (धातूची खिळी) आरपार मारलेला आहे, आत एपॉक्सी (दगडासारखा घट्ट होणारा गोंद) भरलेलं आहे, बेसप्लेट म्हणजे तळाचं झाकण पक्कं केलेलं आहे, उघडायची म्हटलं तर फोडावं लागेल, असं त्यानं एकेका मॅगझीनवर बोट ठेवून दाखवलं. अंगावर चकचकीत रिव्हेटचं डोकं दिसत होतं. बाजारभावाच्या दुप्पट किंमत त्यानं सांगितली, कारण काम हातानं केलेलं. मी स्वतः डमी गोळ्या भरून पाहिल्या. दहा गेल्या, अकरावी गेली नाही. पैसे कार्डावर दिले.

यापलीकडे ग्राहकानं टेबलावर उभं राहून काय तपासायचं, हे तेव्हा मला कुणी सांगितलेलं नव्हतं.

काही आठवड्यांनी साफसफाई करताना सगळं उघडं पडलं. मी एका मॅगझीनचं अंग कपड्यानं पुसत होतो आणि रिव्हेटचं डोकं कपड्याला चिकटून आलं. खाली भोक नव्हतंच. प्लास्टिक सलग, गुळगुळीत, त्यावर गोंदाचा पिवळट गोल डाग. म्हणजे रिव्हेट कधी मारलाच नव्हता, नुसती टोपी चिकटवली होती. बेसप्लेट अंगठ्याच्या जोरानं सरकली. आत एपॉक्सीचा थेंबही नाही, ठोकळा सुटा पडलेला. बाकीची मॅगझिन्सही तशीच निघाली.

यातलं गांभीर्य माहीत नसलेल्याला वाटेल, एवढं काय, ठोकळा परत ठेवावा आणि वापरावं. तसं नाही. ‘कायमचं’ हा शब्द या कायद्यांचा कणा आहे. न्यूयॉर्कचा कायदा तर सहज पूर्ववत करता येईल अशा मॅगझीनलाही मोठंच धरतो. सुटा ठोकळा घातलेलं 30 चं मॅगझीन हे 30 चंच मॅगझीन. ते माझ्या घरात होतं, माझ्या गाडीतून पूल ओलांडून आलं होतं आणि रेंजवर जाऊनही आलं होतं. पकडलं असतं तर आरोपी मी, तो गोड बोलणारा माणूस नाही.

आणि मी ग्रीन कार्डवर आहे. आपल्यातले कितीतरी जण आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगतो. नागरिकाला जिथं दंड आणि खटला, तिथं आपल्याला त्यापुढे घरदार उचलायची वेळ येऊ शकते, कारण शस्त्रासंबंधी गुन्ह्यात दोषी ठरणं हे देशाबाहेर काढण्याचं स्वतंत्र कारण इमिग्रेशन कायद्यात लिहिलेलं आहे. (एच-1बीवर असलेल्यांनी तर मुळात बंदुकीच्या वाटेलाच जाण्याआधी वकिलाला विचारावं. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर फेडरल कायदा त्यांना शस्त्र बाळगू देत नाही.) त्या रात्री बायको एवढंच म्हणाली, “मुलांची शाळा, घराचं कर्ज, सगळं त्या डब्यावर टांगलंय का आता?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मी कशालाही हात न लावता सकाळी वकिलाला फोन केला. त्यांनी पहिल्यांदा काय करायचं नाही ते सांगितलं: गाडीत घालून परत करायला निघू नका, कुरिअरनं पाठवू नका, कुणाला देऊन टाकू नका, कचऱ्यात टाकू नका. न्यू जर्सीच्या कायद्यात आधी लेखी कळवून, दिवस-वेळ नमूद करून, शस्त्र स्वतःहून पोलिसांकडे जमा करण्याची सोय आहे. चौकशी किंवा आरोप सुरू होण्याआधी ती सूचना पोहोचली पाहिजे. वकिलांनी त्याच वाटेनं पत्र तयार केलं आणि जमा करताना ते बरोबर आले. पोलिस सभ्यपणे वागले. पण वकिलाची फी त्या मॅगझिन्सच्या किमतीच्या कितीतरी पट झाली.

मग विक्रेत्याला फोन लावला. आवाज तोच, गोडवा गेलेला. “तुम्ही ते उघडलंत, म्हणजे बदल तुम्ही केलात.” चिकटवलेल्या टोपीचे फोटो पाठवले, त्यावर उत्तर आलं नाही. दुसऱ्यांदा म्हणाला, हा कायदा कोर्टात पडणारच आहे, कशाला घाबरता? हेही खोटं आश्वासन आहे. जुलै 2024 मध्ये फेडरल जिल्हा न्यायालयानं न्यू जर्सीच्या ‘असॉल्ट’, म्हणजे लष्करी धाटणीच्या, बंदुकांवरच्या बंदीचा एक भाग घटनाबाह्य ठरवला, पण त्याच निकालात 10 गोळ्यांची मर्यादा कायम ठेवली. कोर्टात उद्या काय होईल यावर आज कुणी मॅगझीन विकत असेल तर तो तुमच्या जिवावर जुगार खेळतोय.

मला सगळ्यात जास्त संताप आला तो बिल पुन्हा वाचताना. बोर्डावर मोठ्या अक्षरात ‘कायमस्वरूपी 10’, तोंडी तेच दहा वेळा. बिलावर मात्र फक्त ‘मॅगझीन, सुटे भाग’, आणि खाली बारीक टाइपात: स्थानिक कायदे पाळण्याची जबाबदारी ग्राहकाची. फसवायचा बेत आधीच कागदावर तयार होता. त्याला ठाऊक होतं की गिऱ्हाईक तक्रार करायला गेलं तर आधी स्वतःच गुन्हेगार ठरेल, म्हणून गप्प बसेल. त्याचा धंदा याच भीतीवर चालतो.

आता मी लांब डब्याच्या वाटेला जात नाही. मॅगपुलसारख्या कंपन्या मुळातच 10 गोळ्यांची आखूड मॅगझिन्स बनवतात. त्यात ठोकळा नाही, रिव्हेट नाही, वादही नाही. तरीही कुणाला 10/30च हवं असेल तर बिलावर ‘न्यू जर्सीच्या कायद्यानुसार कायमचं 10’ असं छापून घ्या, आणि रिव्हेटचं आतलं टोक दाखवायला सांगा. खरा रिव्हेट अंगातून आणि ठोकळ्यातून आरपार गेलेला असतो. ‘सगळ्या राज्यांत चालतं’ म्हणणाऱ्याकडून काहीच घेऊ नका. कनेक्टिकटमध्ये 10, डेलावेअरमध्ये 17, आणि इलिनॉयमध्ये रायफलला 10 तर पिस्तुलाला 15. एका वाक्यात सगळी राज्यं बसवणाऱ्याला यातलं एकही नीट माहीत नसतं.

कार्ड कंपनीनं फोटो आणि पोलिसांची पावती पाहून पैसे परत केले. पेनसिल्व्हेनियाच्या ॲटर्नी जनरलच्या ग्राहक संरक्षण विभागाकडे मी तक्रार दिली आहे. तुमच्याकडे अशा शोमधून घेतलेलं मॅगझीन असेल आणि बेसप्लेट हलत असेल, तर आधी वकिलाला फोन करा, आणि बिल व टेबलाचा फोटो जपून ठेवा. तुमची बाजू सुरक्षित झाली की तुम्हीही तक्रार नोंदवा. एकट्याची तक्रार तो ‘गिऱ्हाइकानं उघडलं’ म्हणून झटकेल, पण पाच जणांच्या मॅगझिन्सवर तीच चिकटवलेली टोपी निघाली तर त्याला तसं म्हणता येणार नाही.