ग्राफीन बॅटरी की लिथियम-आयन: गुंतवणूकदाराने काय ताडून पाहावं

‘ग्राफीन’ (कार्बनचा एका अणूइतका पातळ थर) हा शब्द ऐकून शेअर घेण्याआधी कंपनी नेमकं काय बनवते ते पाहा. या नावाने विकली जाणारी बॅटरी बहुतेक वेळा लिथियम-आयनच असते, फक्त इलेक्ट्रोडमध्ये (बॅटरीच्या धन-ऋण टोकांच्या पदार्थात) वीज नीट वाहावी म्हणून थोडं ग्राफीन मिसळलेलं. चिनी ई-स्कूटरमधल्या काही ‘ग्राफीन’ बॅटऱ्या तर चक्क लेड-अ‍ॅसिडच्या आहेत.

लिथियम-आयनच्या नेहमीच्या अ‍ॅनोडमध्ये, म्हणजे चार्जिंगला लिथियम साठवणाऱ्या ऋण इलेक्ट्रोडमध्ये, ग्रॅफाइट असतं. त्याची वीज साठवायची सैद्धांतिक क्षमता ग्रॅममागे ३७२ मिलिअँपिअर-तास. ग्राफीनच्या दोन्ही बाजूंना लिथियम बसलं तर कागदावर ७४४. या आकड्यानेच लोक हुरळतात. पण ग्राफीनचं पृष्ठफळ ग्रॅममागे २,६३० चौरस मीटरपर्यंत जातं. एवढ्या पृष्ठभागावर पहिल्याच चार्जिंगला इलेक्ट्रोलाइटचं (बॅटरीतल्या द्रावणाचं) विघटन होऊन थर जमतो आणि त्यात बरंच लिथियम कायमचं अडकतं. शिवाय ग्राफीनची पूड फुगीर, म्हणून तेवढ्याच आकाराच्या सेलमध्ये ऊर्जा कमी मावते. ग्राफीनचे सुपरकपॅसिटर (पृष्ठभागावर विद्युतभार साठवणारी साधनं) झटकन चार्ज होतात खरे, पण सुपरकपॅसिटरमध्ये किलोमागे साधारण ५ ते १० वॉट-तासच साठतात. लिथियम आयर्न फॉस्फेटचा (लिथियम-आयनचाच एक प्रकार) सेल १६०च्या आसपास देतो.

‘पाच मिनिटांत चार्ज’ हा दावा मुंबईत लावून बघा. स्कूटरचा ३ किलोवॉट-तासांचा पॅक पाच मिनिटांत भरायला ३६ किलोवॉट लागतात. सोसायटीच्या पार्किंगमधला १६ अँपिअरचा सॉकेट जेमतेम ३.७ देतो, म्हणजे बॅटरी कोणतीही असो, पाऊण तासापेक्षा जास्तच वेळ जाणार.

किमतीत तर लिथियम-आयन फार पुढे आहे. ऊर्जाक्षेत्राचा अभ्यास करणाऱ्या ब्लूमबर्गएनईएफ या संस्थेच्या २०२४ च्या पाहणीत पॅकचा सरासरी दर किलोवॉट-तासाला ११५ डॉलर होता. २०१० मध्ये तो हजाराच्या वर होता. नव्या बॅटरीला या घसरत्या दराशी टक्कर द्यायची आहे. त्यात कच्च्या मालाचाच भरवसा नाही: सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये ६० उत्पादकांचे नमुने तपासले, तर बहुतेकांत खरं ग्राफीन १० टक्क्यांहून कमी निघालं.

आता शेअर. एक्साइड आणि अमर राजा यांचा मुख्य धंदा लेड-अ‍ॅसिडचा, पण दोघंही लिथियम सेलच्या कारखान्यांत पैसा ओतत आहेत. ग्रॅफाइट इंडिया आणि एचईजी नावामुळे घोटाळ्यात टाकतात. त्यांचे इलेक्ट्रोड मुख्यतः पोलादाच्या विद्युत भट्ट्यांसाठी असतात. ग्राफीन मॅन्युफॅक्चरिंग ग्रुप ही ऑस्ट्रेलियन कंपनी ग्राफीन-अ‍ॅल्युमिनियम-आयन बॅटरीवर काम करते, शेअर कॅनडातल्या टीएसएक्स व्हेंचर या शेअर बाजारावर आहे. तो घ्यायचा तर परदेशात पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेतून (एलआरएस), वर्षाला अडीच लाख डॉलरच्या मर्यादेत.

आमचं मत: मुख्य रक्कम लिथियम बॅटरीशी संबंधित कंपन्यांत, आणि ग्राफीनमध्ये बुडाली तरी झेपेल एवढीच. तीही चार गोष्टी लेखी मिळाल्यावर. आकडे नाण्याएवढ्या प्रयोगशाळा-सेलचे की प्रत्यक्ष वापरातल्या चपट्या पाऊच सेलचे? ऊर्जा संपूर्ण सेलच्या वजनावर मोजली की फक्त अ‍ॅनोडच्या पुडीच्या? पहिल्या चार्जिंगला किती टक्के क्षमता गेली? क्षमता ८० टक्क्यांवर येईपर्यंत चार्ज-डिस्चार्जच्या किती फेऱ्या झाल्या, आणि त्या कोणत्या वेगाने? पुडीवर मोजलेला आकडा कंपनी संपूर्ण बॅटरीचा म्हणून पुढे करत असेल, तर तिथेच थांबा.