एक्सआरडी स्ट्रेस मशीन: आठ महिने वापरल्यावर

भोसरीतल्या आमच्या टेस्टिंग लॅबमध्ये हे एक्सआरडीचं (एक्स-रे डिफ्रॅक्शन), धातूत अडकून राहिलेला ताण मोजणारं पोर्टेबल मशीन येऊन आठ महिने झाले. फटिगने, म्हणजे पुन्हा पुन्हा भार पडून थकल्याने, तुटलेले पार्ट आमच्याकडे नेहमीचेच: लीफ स्प्रिंग, शाफ्ट, कधी गिअरचा दात. पूर्वी तुटलेल्या तोंडावरच्या शिंपल्यासारख्या रेषा बघून 'फटिग' लिहायचो नि मोकळे व्हायचो. क्रॅक तिथूनच का निघाला, असं कस्टमरने विचारलं की ततपप.

क्रोमियम ट्यूबचे एक्स-रे पोलादावरून साधारण 156 अंशांवर परततात आणि डिटेक्टरवर वर्तुळ उमटतं. ताणामुळे अणूंच्या थरांमधलं अंतर बदललं की वर्तुळ किंचित बिघडतं, त्यावरून मिनिटभरात मेगापास्कलमध्ये आकडा येतो. उणे आकडा म्हणजे कातडी दाबलेली, क्रॅकला उघडणं जड.

सुरुवातीचे दोन महिने तुटलेल्या तोंडालगतच मोजत बसलो. तुटताना तिथला ताण सुटून गेलेला असतो, हे कॅटलॉगमध्ये कुठे लिहिलेलं! आता त्याच लॉटचा, गाडीला न लागलेला पार्टही मागवतो.

अशाच एका स्प्रिंगवर उणे 420 आले. शॉट पीनिंग (बारीक गोळ्यांचा मारा करून कातडी दाबणं) ठणठणीत, असं वाटलं. पण हे किरण पोलादात जेमतेम 5 मायक्रॉन शिरतात. इलेक्ट्रोपॉलिशिंगने (विजेने धातू विरघळवून) थर काढत गेलो, तर 50 मायक्रॉनवर उणे 90 उरले. पीनिंगवाल्याकडचे शॉट झिजून बारीक झाले होते, मार वरवरच बसत होता. थर ग्राइंडरने मात्र काढू नका. आमच्या पोऱ्याने एकदा गंज काढायला फिरवला आणि आम्ही दिवसभर ग्राइंडरचाच ताण मोजला.

कुरकुरी आहेत. शाफ्ट ज्या फिलेटला (जाडी बदलते तिथल्या गोलाईला) तुटतो तिथे मशीनचं हेड शिरतच नाही, पार्ट कापावा लागतो आणि कापला की ताण हलतो. ॲल्युमिनियमच्या जाड कणांच्या कास्टिंगवर वर्तुळाऐवजी ठिपके येतात, त्या आकड्यावर मी सही करत नाही. एईआरबीचे (अणुऊर्जा नियामक मंडळाचे) कागद, अंगावर किती किरण पडले ते मोजणारा डोस बॅज, हे सगळं वेगळंच.

रोज सकाळी आधी ताण नसलेल्या लोखंडी भुकटीवर रीडिंग घ्या. पावसाळ्यात एकदा शून्याच्या जागी उणे 60 दिसले. हेडचा बोल्ट ढिला झाला होता, आणि आदल्या दिवशीचे तीन रिपोर्ट कस्टमरकडे गेलेले. तिन्ही परत मागवले.

डेमोला विक्रेता स्वतःची गुळगुळीत पट्टी घेऊन येतो. तुम्ही तुमचा गंजका, वाकडा शाफ्ट घेऊन जा.