उणे २० चा कोरडा बर्फ की शून्यालगतचा ओला बर्फ?

बर्फाच्या मुलखात राहायला जायचं ठरत आलं की माणूस आधी एकच आकडा शोधतो: तिथे पारा किती खाली जातो? एवढ्यावरून निर्णय घेऊ नका, असं मी कळकळीनं सांगेन. बर्फाळ हिवाळे ढोबळमानानं दोन जातींचे. एका ठिकाणी पारा महिनोन्‌महिने उणे १० ते उणे २५ मध्ये राहतो. दुसऱ्या ठिकाणी तो शून्याच्या वरखाली घुटमळतो. दोन्हीकडे मी राहिले आहे. उणे २० अंगाला बोचतं, पण रोजच्या जगण्याला शून्यच जास्त छळतं.

फावड्यापासून सुरुवात करू, कारण पहिल्या बर्फाचं कौतुक ओसरलं की हातात तेच येतं. समजा घरापुढची जागा ३ मीटर रुंद, ६ मीटर लांब आहे आणि रात्रीत २० सेंटीमीटर बर्फ पडला. कडाक्याच्या थंडीतला भुसभुशीत बर्फ घनमीटरला ७० किलोच्या आसपास भरतो, म्हणजे तुम्ही साधारण २५० किलो उचलणार. ओला बर्फ घनमीटरला २५० किलो सहज भरतो. तेवढ्याच जागेत, तेवढ्याच जाडीत ९०० किलो! तो फावड्याला चिकटतो, झटकून सुटत नाही. गारठ्यात रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात, त्यात हे ओझं पडतं. हृदयाचं दुखणं असलेल्यानं या कामाला हात लावूच नये. झाडांच्या फांद्या मोडतात, विजेच्या तारा तुटतात, त्याही बहुतेक याच ओल्या वजनानं.

चालण्याचंही तसंच. शून्यालगत दिवसा बर्फ वितळतो आणि रात्री पुन्हा गोठतो. सकाळी रस्ता नुसता ओला दिसतो. प्रत्यक्षात त्यावर काचेसारखा पापुद्रा असतो, ज्याला ब्लॅक आइस म्हणतात. वर पाणी, खाली बर्फ अशा थरावर पाय ठरत नाही. उणे २० मधला बर्फ त्या मानानं पकड देतो. मिठाचा उपयोग उणे ९-१० पर्यंत चांगला होतो, त्याखाली तो मंदावतो, म्हणून जास्त थंड ठिकाणी वाळू किंवा बारीक खडी टाकतात. मिठाच्या गावात बुटांवर पांढरे डाग पडतात, गाडीचा पत्रा खालून गंजत जातो आणि दाराशी करड्या पाण्याचं थारोळं कायमचं.

कपड्यांच्या बाबतीत मात्र लोक फसतात. उणे २० मध्ये खांद्यावरचा बर्फ धुळीसारखा झटकता येतो, आतलं कोरडं राहतं. शून्याला तोच बर्फ जॅकेटवर विरघळतो. पिसांचं महागडं जॅकेट भिजलं की त्याची ऊब गेलीच. तिथे जाडीपेक्षा पाणी अडवणारा वरचा थर महत्त्वाचा. सुती मोजे दोन्हीकडे टाळा. ते घाम धरून ठेवतात.

आता सुखाकडे येते, कारण ते आहे आणि भरपूर आहे. ताज्या बर्फात हवेच्या असंख्य पोकळ्या असतात, त्या आवाज शोषून घेतात. मोठा बर्फ पडून गेल्यावर पहाटे दार उघडलं की ती शांतता कानाला जाणवते. कडाक्याच्या थंडीत बुटाखाली बर्फ करकरतो, ओला बर्फ नुसता दबतो. आणि कण! उणे १५ च्या आसपास घडलेला कण सर्वांत नक्षीदार: सहा फांद्या, प्रत्येक फांदीला आणखी डिरी. गडद लोकरीच्या बाहीवर तो झेलायचा आणि श्वास रोखून पाहायचा, नाहीतर उच्छ्वासानंच विरतो. तापमान आणि दमटपणा यांवर हा आकार ठरतो, हे भौतिकशास्त्रज्ञ उकिचिरो नाकाया यांनी उलगडलं. १९३६ साली त्यांनी जपानमधल्या होक्काइदोत प्रयोगशाळेत असा कण घडवून दाखवला.

शून्यालगत हे कण एकमेकांना चिकटून कापसाच्या पुंजक्यांसारखे उतरतात. नक्षी हरवते, पण मुलांची चंगळ होते. गोळे वळता येतात, बर्फाचा माणूस उभा राहतो. उणे २० मध्ये मुठीतला बर्फ कोरड्या पिठासारखा ओघळतो आणि मुलं हिरमुसतात.

प्रकाशाचा फरक मला सर्वांत मोठा वाटतो. ताजा बर्फ अंगावरचा ८० ते ९० टक्के प्रकाश परत फेकतो. तो टिकला तर हिवाळ्यातले आखूड दिवस उजळतात, रात्रीही अंगण दिसतं. (उन्हात गॉगल हवाच, डोळे भाजतात.) ओला बर्फ दोन-तीन दिवसांत राडा होऊन जातो आणि उरतो काळा ओला रस्ता. मन उदास होण्याची सवय असेल, तर याचा विचार जरूर करा.

कोरड्या थंडीची किंमतही सांगायलाच हवी. उणे २० ला ताशी ३० किलोमीटर वारा सुटला, तर उघड्या त्वचेला ते उणे ३३ इतकं भासतं. अर्ध्या तासाच्या आत नाक-कानांना हिमदंश होऊ शकतो. जागा पांढुरकी, बधिर झाली तर चोळू नका, कोमट पाण्यात धरा. घरात हीटरमुळे हवा इतकी कोरडी होते की ओठ फुटतात, नाकातून रक्त येतं. फोन खिशातून काढताच बॅटरी मान टाकते. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, म्हणून नळाचा पाइप नीट झाकला नसेल तर फुटतो.

घरात वयस्कर माणूस असेल, गुडघे किंवा हृदय नाजूक असेल, तर मी कोरडं गाव सुचवेन. दमा असेल किंवा रोज बसची वाट पाहत उभं राहायचं असेल, तर शून्यालगतचं. दोन्ही गावांचं जानेवारी-फेब्रुवारीचं रोजचं कमाल आणि किमान तापमान मिळवा आणि कमाल शून्याच्या वर, किमान शून्याच्या खाली असे दिवस मोजा. जितके भरतील, जवळपास तितक्या सकाळी पायरीवर मीठ टाकून मगच पाऊल बाहेर ठेवावं लागेल.