१८१ आणि सखी केंद्र: पहिली रात्र निभावते, सहावी अवघड

१८१ हा महिलांसाठीचा मदत क्रमांक चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत. जिवावर बेतलं असेल तर आधी ११२ हा तातडीचा क्रमांक.

सखी वन स्टॉप सेंटर हे हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठीचं जिल्ह्याचं केंद्र. तपासणी, समुपदेशन, पोलीस, वकील सगळं एकाच ठिकाणाहून हलतं. गोव्यात सत्तरी किंवा काणकोण तालुक्यातून रात्री निघालेल्या बाईला चार कचेऱ्या धुंडाळाव्या लागत नाहीत, ही त्याची मोठी जमेची बाजू. पोलिसांत तक्रार दिलीच पाहिजे, अशी अटही नाही.

घोळ होतो तो कौटुंबिक घटना अहवालात. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा हा तक्रारीचा नमुना पुढे दंडाधिकाऱ्यांसमोर जातो. ‘रोज मारतो’ एवढंच लिहिलं की समोरचा वकील तिथेच पकडतो. प्रत्येक घटनेची तारीख, जागा, कशाने मारलं, कोणी पाहिलं, हे वेगवेगळं लिहायला लावा. पगार काढून घेणं, दागिने परस्पर मोडणं, घरखर्च बंद करणं हीसुद्धा हिंसाच. तो रकाना रिकामा ठेवू नका. वाचल्याशिवाय सही नको, प्रत मागून घ्या.

खरी उणीव मुक्कामाची. निवारा साधारण पाच दिवसांचा आणि दंडाधिकाऱ्यांकडचा अर्ज निकाली काढायला कायद्याने धरलेले दिवस साठ, तेही क्वचितच पाळले जातात. म्हणून मूळ अर्जासोबतच त्याच कायद्याच्या कलम २३ खाली अंतरिम, म्हणजे निकालापर्यंतचा, आदेश मागा: राहतं घर, खर्च, मुलांचा ताबा. घर सासऱ्यांच्या नावावर आहे म्हणून गप्प बसू नका. तेही सामायिक घर, म्हणजे जिथे राहायचा सुनेला हक्क आहे असं घर, ठरू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटलंय. लग्नाच्या नोंदणीचा दाखला जवळ असू द्या. लग्नाआधी वेगळा करार झालेला नसेल तर गोव्याच्या दिवाणी कायद्याने मालमत्ता दोघांची असते, आणि बायकोच्या संमतीशिवाय नवऱ्याला जमीन-घर विकता येत नाही. समुपदेशनात हा विषय आपणच काढलेला बरा.

मुलांची बाजू सर्वांत लंगडी. केंद्रात आईसोबत मुली कोणत्याही वयाच्या चालतात, मुलग्यांना वयाची मर्यादा. मोठा मुलगा घरीच राहतो आणि त्याच्या ओढीने आई परत जाते. शाळेच्या वेळी पोट दुखणं, अंथरूण ओलं होणं, वर्गात पेंगणं हे दिसत असेल तर समुपदेशकांना मुलाशी एकट्याने बोलायला सांगा. आईसमोर मुलं तोंड उघडत नाहीत.

वकिलाची फी हे कारण नको. उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला वकील फुकट मिळतो, फोन १५१००.